शाळा कुठली ते नंतर. पोर वाचतंय का ते आधी

गेल्या महिन्यात आमच्या गावात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, विठ्ठलाच्या देवळात बैठक बसली. विषय एकच होता. सरकारी मराठी शाळेत यंदा पहिलीला चार पोरं आली. पुढच्या वर्षी शाळा राहते की जाते? दोन तास बोलणं झालं. एक बाजू म्हणाली, शाळा गेली की सीमाभागातली आपली मराठी गेली, तेव्हा सकाळी साडेसातला पोरं भरून शहरात नेणाऱ्या व्हॅन वेशीवरच अडवू. दुसरी बाजू म्हणाली, अभिमानानं पोट भरत नाही. आम्ही मराठीतनं शिकलो आणि बेळगावात उद्यमबागच्या फौंड्रीत आयुष्य गेलं, पोरांनी तरी ऑफिसात बसावं. दोन्हीकडची माणसं माझ्या ओळखीची, निम्मी तर माझ्या हाताखालून गेलेली. आवाज चढले, जुने हिशेब निघाले, चहा झाला, बैठक उठली. शाळा कुठलीही असो, आपल्या पोराला वाचता येतं का, हे त्या दोन तासांत कुणी कुणाला विचारलं नाही.

अठ्ठावीस वर्षं सरकारी मराठी शाळेत पहिली ते पाचवीचे वर्ग घेतल्यावर माझं मत पक्कं झालं आहे, ते आधीच सांगते. सीमाभागातल्या मराठी मुलाला इंग्रजी आलंच पाहिजे, आणि ते पहिलीच्या पहिल्या दिवसापासून कानावर पडलं पाहिजे. पण इंग्रजी वाचायला शिकण्याची वाट आपल्या मुलांसाठी मराठी वाचनातून जाते. माध्यम बदललं म्हणून ती वाट चुकवता येत नाही, आणि चुकवायला गेलेली पुष्कळ पोरं दोन्ही भाषांत अडाणी राहतात. तसंच, मराठी शाळा टिकवायची ज्यांची तळमळ आहे त्यांना त्या शाळेत इंग्रजी उत्तम शिकवून दाखवावंच लागेल. व्हॅन अडवून शाळा भरत नसते. 'मराठी की इंग्रजी' असा वाद आपण वर्षानुवर्षं घालतो आहोत, आणि तो मांडायची रीतच चुकीची आहे.

गेल्या वर्षीची गोष्ट. आमच्या शेजारी तिसरीतली एक मुलगी आहे, शहरातल्या इंग्रजी शाळेत जाते. फीचा हप्ता आला की तिच्या आईबापाची होणारी ओढाताण मला भिंतीपलीकडून ऐकू येते. एका संध्याकाळी ती ओट्यावर बसून इंग्रजीचा धडा मोठ्यानं वाचत होती. उच्चार स्वच्छ, अडखळणं नाही. आई दारात कौतुकानं उभी. मी जवळ जाऊन बसले तेव्हा दिसलं, की बोट पहिल्या ओळीवर आहे आणि तोंड तिसऱ्या ओळीवर. पान संपलं. तिनं ते उलटलंच नाही आणि पुढच्या पानावरचं वाक्य म्हणून टाकलं. मी तिच्या पाटीवर त्याच धड्यातला एक शब्द सुटा लिहून दिला: 'हेन'. तिनं पाटीकडं पाहिलं, मग पुस्तक उघडलं, तसा दिसणारा शब्द ओळीत कितवा आहे ते शोधलं आणि ओळ पहिल्यापासून म्हणत म्हणत तिथवर आली. "हेन," म्हणाली. म्हणजे काय गं? गप्प. समोर अंगणात त्यांच्याच कोंबड्या चरत होत्या. मग मी मराठीत 'कोंबडी' लिहिलं. 'क' ओळखला, पुढचं काही नाही. त्या शाळेत मराठी विषय नाही आणि घरी कुणी शिकवलेली नाही. रोज दिसणारी कोंबडी त्या मुलीला कुठल्याच लिपीत वाचता येत नव्हती, आणि तिच्या प्रगतिपुस्तकात इंग्रजी वाचनाला वरची श्रेणी होती.

ही मुलगी मठ्ठ नाही. उलट आख्खं पुस्तक पाठ करणारी स्मरणशक्ती तिच्याकडं आहे. तिला फसवलं आहे ते वाचनाविषयीच्या आपल्या समजुतीनं. वाचन म्हणजे दोन कामं एकत्र: अक्षरांवरून शब्दाचा आवाज काढणं, आणि तो आवाज ऐकून अर्थ कळणं. यातलं एकही शून्य असलं तर गुणाकार शून्यच येतो. मराठी मूल मराठी वाचायला शिकतं तेव्हा त्याचं दुसरं काम घरीच झालेलं असतं. 'क'ला काना, 'म' – 'काम' – म्हटलं की डोक्यात लख्ख उजेड पडतो, कारण तो शब्द त्यानं आईच्या तोंडून हजार वेळा ऐकलेला असतो. आपण बरोबर वाचलं की चुकलो, हे त्याचं त्याला कळतं. 'हेन'ला असा उजेड पडत नाही. आवाज बरोबर निघाला तरी मूल अंधारातच. मग ते साहजिकच सगळ्यात सोपा मार्ग धरतं, पाठांतराचा. आणि आपण बाहेरून ऐकून म्हणतो, काय फाडफाड वाचतंय!

यावर आयांचं एक उत्तर ठरलेलं असतं, आणि ते हसण्यावारी नेण्यासारखं नाही. "बाई, मराठी तर घरात येतंयच की त्याला. येतंय तेच शिकायला शाळा कशाला पायजे?" बोलता येतंच, खरं आहे. पण बोलणारं प्रत्येक मूल आपोआप वाचतं असतं तर आमच्या तालुक्यात अंगठा उठवणारी एवढी म्हातारी माणसं कशी राहिली असती? ती अस्खलित मराठी बोलतात. आवाजाला चिन्ह असतं, चिन्हं जोडून शब्द होतो, शब्द सलग वाचले की कुणीतरी न दिसणारा माणूस आपल्याशी बोलतो, ही समज माणसाला आयुष्यात एकदाच यावी लागते. एका भाषेत आली की दुसऱ्या, तिसऱ्या लिपीत नुसती चिन्हं बदलायची असतात. म्हणून ती पहिल्यांदा अशा भाषेत यावी, जिच्यात मुलाला अर्थ आधीच माहीत आहे. मराठी शाळा पहिल्या दोन-तीन वर्षांत मुलाला देते ती ही गोष्ट, आणि इंग्रजीचा पायाही तोच.

त्यात इंग्रजीची लिपी अवघड. अक्षरं सव्वीस, आवाज चव्वेचाळीसच्या घरात, आणि एकाच आवाजाची चार-चार स्पेलिंगं. २००३ साली युरोपातल्या तेरा भाषांच्या लेखनपद्धतींची तुलना करणारा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. फिनलंड, ग्रीस, जर्मनीतली मुलं पहिल्या वर्षाअखेर ओळखीचे शब्द जवळजवळ सगळे वाचू लागली होती. स्कॉटलंडची, म्हणजे घरात इंग्रजीच बोलणारी मुलं, जेमतेम एक तृतीयांश. इंग्रजी वाचनाचा पाया घालायला दुपटीहून जास्त वेळ लागतो, असा त्या अभ्यासाचा निष्कर्ष. ज्यांच्या आज्या-पणज्या इंग्रजी बोलतात त्यांची ही गत, तर जांबोटीच्या रानात वाढलेल्या साडेपाच वर्षांच्या पोरानं पहिला मुळाक्षरांचा धडा या लिपीत गिरवावा, हा हट्ट कोणासाठी? देवनागरी फार सोपी आहे असं मी म्हणत नाही. बाराखडी, रफार, जोडाक्षरं धरून चिन्हं पुष्कळ होतात, मूल त्यांत तिसरीपर्यंत गुंतलेलं असतं. पण ती दगा देत नाही. 'क' दिसला की 'क'च म्हणायचं.

आणि नेमकं इथंच आमच्या मुलांचं इंग्रजी अडतं. मराठीत अक्षराचं नाव तोच त्याचा आवाज. मुलाला वाटतं सगळ्या लिप्यांत असंच असणार. आपण त्याला 'सी', 'ए', 'टी' ही नावं शिकवतो आणि मग सांगतो, हे मिळून 'कॅट'. सी-ए-टी जोडून कुठल्याही प्रामाणिक मुलाला 'सीएटी'च ऐकू येणार. मी स्वतः कित्येक वर्षं असंच शिकवलं. फळ्यावर स्पेलिंग लिहायचं, वर्गानं सुरात म्हणायचं, "सी ए टी कॅट, कॅट म्हणजे मांजर." सूर सुंदर लागायचा. फळा पुसला की शब्द पुसला जायचा. त्या वर्षांतल्या मुलांचं मी नुकसान केलं, हे मला आज दिसतं. पुढं एका प्रशिक्षणात अक्षरांची नावं बाजूला ठेवून आधी आवाज शिकवायची पद्धत पाहिली: स, ॲ, ट, प, इ, न. एवढ्या सहा आवाजांतून 'सॅट', 'पिन', 'टिन', 'नॅप', 'टॅप' असे डझनभर शब्द मूल स्वतः जुळवू लागतं. मराठी वाचता येणारी मुलं हे काही दिवसांत पकडतात, कारण आवाज जोडण्याचं काम त्यांनी बाराखडीत केलेलं असतं. वाचता न येणाऱ्यांना त्या सहा आवाजांचंही पाठांतरच होतं. हा फरक मी वर्गात बसून, पाटीला पाटी लावून पाहिला आहे.

सीमाभागाचं मूल या बाबतीत पुण्याच्या मुलापेक्षाही एक पाऊल पुढं आहे, आणि हे आपण कधी बोलत नाही. त्याच्या कानात कन्नड असतं. कन्नडमध्ये 'ए' आणि 'ओ' यांचे ऱ्हस्व-दीर्घ वेगळे आहेत. 'बेळे' हा शब्द आखूड 'ए'नं म्हटला तर पीक, लांबवला तर डाळ. बाजारात जाणाऱ्या आमच्या पोरांना हा फरक कळतो. इंग्रजीत लिहायचं पेन आणि दुखण्याचं पेन यांत तोच फरक आहे. मराठी लिहिताना तो दाखवता येत नाही, कन्नडमध्ये येतो. कन्नडची कागुणित म्हणजे आपली बाराखडीच, काना-मात्रेच्या जागी वेगळ्या खुणा. तीन लिप्यांचं ओझं म्हणून जे रडगाणं गायलं जातं ते पहिली लिपी कच्ची राहिली तरच खरं. पहिली पक्की असेल तर दुसरी निम्म्या कष्टात येते. १ली ते १०वी कन्नड सक्तीचं करणारा कायदा कर्नाटकात २०१५ साली झाला, तेव्हा त्याला आपला विरोध राजकीय अंगानं झाला. सक्तीबद्दलचा राग मी समजू शकते. पण मुलाच्या डोक्याला कन्नड जड होतं, हे कारण शिक्षक म्हणून मला पटत नाही.

आता समोरच्या बाजूचं जे सर्वांत सबळ म्हणणं आहे त्याकडं येते. इंग्रजी ही सत्तेची भाषा आहे, आणि 'मातृभाषेतून शिका' हा उपदेश आजवर ज्यांनी केला त्यांची स्वतःची मुलं इंग्रजी शाळांत होती. हे खरं आहे. आमच्या भागात मराठीच्या मोर्च्यात पुढं चालणाऱ्या कितीतरी घरांतली मुलं सकाळी त्याच व्हॅनमध्ये बसतात. मजुराच्या बाईनं हे पाहिलं आणि तिनं आपलं पोर तिथंच घालायचं ठरवलं, तर तिला दोष देण्याचा अधिकार कुणाला? शूद्रातिशूद्रांनी इंग्रजी शिकावं म्हणून सावित्रीबाईंनी कविता लिहिल्या. 'काव्यफुले' हा त्यांचा संग्रह १८५४ सालचा. ज्यांना संस्कृतचा दरवाजा बंद होता त्यांना इंग्रजीचा उघडा दिसला, यात आश्चर्य काय? आणि इंग्रजी काढून घेतल्यानं काय होतं तेही देशानं पाहिलं आहे. पश्चिम बंगालमध्ये डाव्या सरकारनं १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला सरकारी प्राथमिक शाळांतून इंग्रजी काढलं. हेतू चांगला होता, गरिबाच्या मुलावरचं ओझं कमी व्हावं. पण पैसेवाल्यांनी आपली मुलं खाजगी इंग्रजी शाळांत नेली आणि सरकारी शाळेतलं मूल पाचवी-सहावीपर्यंत ए-बी-सी-डीलाही मुकलं. १९९९ पासून टप्प्याटप्प्यानं इंग्रजी परत आणावं लागलं, २००४ साली ते पहिलीपर्यंत आलं. म्हणून सांगते, 'इंग्रजी नंतर बघू' म्हणणाऱ्यांच्या बाजूला मी नाही. गरिबाच्या मुलाला इंग्रजी नंतर कधीच भेटत नाही.

पण यातून इंग्रजी माध्यमच हवं असं निघतं का? इथं उडी मारली जाते. इंग्रजी येणं आणि इंग्रजीतून गणित शिकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत भीमराव आंबेडकरांचं नाव घातलं गेलं ते 'इंग्रजी पहिली'त. त्याआधीचं शिक्षण मराठीतून झालेलं होतं. निपाणीपासून हाकेच्या अंतरावरच्या कागलला गोपाळ कृष्ण गोखल्यांनी प्राथमिक शिक्षण घेतलं, आणि पुढं त्यांच्या इंग्रजीतल्या अर्थसंकल्पावरच्या भाषणांना व्हाइसरॉयच्या कौन्सिलात वजन आलं. मुंबई इलाख्यात ही रीतच होती: आधी मराठी इयत्ता, मग इंग्रजी पहिली, दुसरी, तिसरी. आमच्या आजोबांच्या पिढीचे नॉनमॅट्रिकसुद्धा इंग्रजीत अर्ज लिहीत. कुणी म्हणेल, ही असामान्य माणसं, त्यांच्यावरून पंचवीस पोरांच्या वर्गाचा नियम काढू नका. मान्य आहे. त्या काळी शाळेपर्यंत पोचणारेच मूठभर होते, आणि गाळून गाळून उरलेलेच आपल्याला आठवतात. तरी एक गोष्ट उरते. मराठीत सुरुवात केल्यानं त्यांचं इंग्रजी अडलं नाही. आणि इंग्रजी सुरू झालं तेव्हा ते शिकवणाऱ्याला स्वतःला इंग्रजी येत होतं. आज आपण पहिला भाग विसरलो आणि दुसऱ्याची चौकशीच करत नाही.

लहानपणी भाषा लवकर येते, हे आणखी एक म्हणणं. येते. लहान मुलाची जीभ लवचिक, लाज कमी. पण ती येते दिवसभर ऐकून, बोलून, रडून, मागून. सरकारी शाळेत आठवड्याला इंग्रजीच्या पाच तासिका, चाळीस-चाळीस मिनिटांच्या. वर्षाचे २२० दिवस धरले तर दीडशे तासही भरत नाहीत. लंडनचं मूल एवढं इंग्रजी पंधरा दिवसांत ऐकतं. मग इंग्रजी माध्यमात दिवसाचे पाच-सहा तास मिळतात ना, असं विचाराल. तिथल्या बाईंना इंग्रजी बोलता येत असेल तर मिळतात. आमच्या भागातल्या स्वस्त इंग्रजी शाळांत शिकवणाऱ्या कितीतरी मुली माझ्याच विद्यार्थिनी आहेत. गुणी पोरी, महिन्याला शेतमजुरीइतक्या पगारावर राबतात. त्या मला खरं सांगतात: धडा इंग्रजीत वाचायचा, समजावायचा मराठीत, कुठं कन्नडमध्ये, आणि प्रश्नोत्तरं फळ्यावर लिहून उतरवून घ्यायची. मुलाचे सहा तास इंग्रजीच्या नावावर जमा होतात, पण कानावर पडतं मराठी आणि वहीत उतरतं न कळलेलं इंग्रजी. विज्ञान, परिसर, गणित हे सगळे विषय त्या उताऱ्यात वाहून जातात. १९२४ साली बेळगावला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, गांधीजी अध्यक्ष होते. टिळकवाडीतली त्या अधिवेशनाची काँग्रेस विहीर आपण अजून पाहुण्यांना दाखवतो. त्याच गांधीजींनी पुढं 'हरिजन'मध्ये लिहिलं, की अंकगणित, भूमिती, बीजगणित, रसायन असं जे शिकायला आपल्याला इंग्रजीतून चार वर्षं लागली ते गुजरातीतून एका वर्षात आलं असतं. बॅरिस्टर झालेल्या माणसाचं हे स्वानुभवाचं बोलणं आहे.

आकडेही हेच बोलतात. खेड्यातल्या मुलांना वाचता येतं का याची पाहणी करणाऱ्या 'असर'च्या २०२२च्या अहवालात ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या मुलांपैकी साधी इंग्रजी वाक्यं वाचू शकणारी होती २४.५ टक्के. २०१६ साली हाच आकडा २४.७ होता. या सहा वर्षांत पालकांनी किती पैसा ओतला, किती राज्यांनी इंग्रजी पहिलीपासून आणलं, माध्यमं बदलली. मध्ये कोरोनाची दोन वर्षं गेली हे धरूनही, चारातली तीन मुलं तिथंच उभी आहेत. महाराष्ट्रानं जून २००० पासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू केलं. कर्नाटकानं २०१९ साली हजार सरकारी शाळांत इंग्रजी माध्यमाचे वर्ग काढले. वेळापत्रकात विषय घातला, पाटीवर माध्यम रंगवलं, की शिकवणं झालं असं सरकारला वाटतं. पाटी रंगवायला एक दिवस लागतो. शिक्षक तयार करायला किती वर्षं द्यायची तयारी आहे?

मराठीच्या बाजूनं बोलणाऱ्या माझ्या माणसांचं म्हणणंही मला तितक्याच गांभीर्यानं घ्यायचं आहे. त्यांची तक्रार खोटी नाही. १९५६ सालच्या ज्या राज्यपुनर्रचनेत आपला भाग म्हैसूर, म्हणजे आजच्या कर्नाटक राज्यात गेला, तिच्यासाठीच केलेल्या सातव्या घटनादुरुस्तीनं घटनेत ३५०-अ हे कलम घातलं: भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिकण्याच्या पुरेशा सोयी प्रत्येक राज्यानं द्याव्यात. भूभाग बदलला त्याच वेळी हे वचन लिहिलेलं आहे. मी नोकरीत असताना जागा रिकाम्या राहिलेल्या पाहिल्या आहेत, एका शिक्षकानं चार वर्ग सांभाळलेले पाहिले आहेत, अतिथी शिक्षक ऑगस्टमध्ये येऊन मार्चमध्ये गेलेले पाहिले आहेत. या वचनासाठी भांडलंच पाहिजे. पण मातृभाषेचा हा न्याय फक्त आपल्यापुरता नाही, हेही लक्षात ठेवू. एकोणिसाव्या शतकात याच बेळगाव-धारवाड भागात मराठीचं ते स्थान होतं जे आज इंग्रजीचं आहे. कचेरी मराठी, प्रतिष्ठा मराठी, आणि कन्नड घरातली पोरं मराठी शाळांत मुळाक्षरं गिरवत. डेप्युटी चन्नबसप्पांनी शिक्षण खात्यात राहून कन्नड शाळांसाठी खस्ता खाल्ल्या, कारण मूल घरच्या भाषेतच आधी वाचायला शिकतं हे त्यांना कळलं होतं. त्यांचं तेव्हा बरोबर होतं. त्याच कारणानं आज आपलं बरोबर आहे. हा युक्तिवाद आपण खुल्या मनानं मांडला तर समोरच्या कन्नड शिक्षकालाही तो परका वाटणार नाही. त्याच्याही गावातनं तशीच व्हॅन सुटते.

माझा आक्षेप मागणीतल्या उणिवेवर आहे. मी ऐकलेल्या भाषणांत शाळेची इमारत येते, मराठी फलक येतात, मराठीतून परिपत्रकं येतात. मराठी शाळेला इंग्रजी येणारा, इंग्रजी शिकवायला शिकलेला एक शिक्षक द्या, ही मागणी मी एकदाही ऐकली नाही. जणू ती करणं म्हणजे मराठीशी बेइमानी. मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं कर्नाटकाच्याच खटल्यात सांगून टाकलं, की माध्यम निवडायचा हक्क पालकाचा, सरकार मातृभाषा लादू शकत नाही. सरकारला जे जमणार नाही ते वेशीवर उभ्या राहणाऱ्या चार जणांना कसं जमणार? पालक परत येईल तो एकाच कारणानं. मराठी शाळेतलं चौथीचं पोर न पाहिलेलं इंग्रजी पान वाचून त्याचा अर्थ सांगतं, हे त्यानं डोळ्यांनी पाहिलं तर.

आणि हे होऊ शकतं. पहिलीला इंग्रजीचं पुस्तक उघडूच नये. गाणी, गोष्टी, 'उठ', 'बस', 'दार लाव', 'पाणी दे' अशा आज्ञा, रोज अर्धा तास, नुसत्या कानानं आणि अंगानं. याच वर्षी मराठी अक्षरं. दुसरीत मराठी वाक्य सलग वाचता आलं की इंग्रजीचे आवाज सुरू करावेत, नावं नव्हेत, आणि जो शब्द वाचायला द्यायचा तो आधी तोंडी माहीत असलेलाच द्यावा. बॅट, बस, पंप, टॉप, पिन असे शेकडो इंग्रजी शब्द आमची पोरं शाळेत यायच्या आधीपासून बोलतात. त्यांच्यापासून सुरुवात केली तर तो मघाशी म्हटलेला उजेड इंग्रजीतही पडतो. प्रत्येक शाळेला स्वतंत्र इंग्रजी शिक्षक मिळणार नाही, मला वास्तव माहीत आहे. पण जवळच्या चार शाळांत फिरणारी एक शिक्षिका, मिळेल त्या निधीतून, नाही तर गावातल्या गणेशोत्सवाच्या वर्गणीतून, एवढं आपण उभं करू शकत नाही? मंडपावर किती खर्च होतो ते त्याच देवळात बसून दरवर्षी ठरतं.

बैठकीत मी हे बोलायला उठले तेव्हा मागनं एक जण म्हणाला, "बाई, हे सगळं व्हायला चार वर्षं लागतील, माझं पोर यंदा पहिलीत आहे." त्याचं उत्तर माझ्याकडं एवढंच होतं: शाळा तुला वाटेल ती निवड, पण दर महिन्याला एकदा, त्याच्या पुस्तकात नसलेलं एक पान त्याच्यासमोर धर. कॅलेंडरचं, बिस्किटाच्या पुड्याचं, कुठलंही. वाचता आलं नाही तर शाळेत जाऊन बाईंना विचार. तुझा तो हक्क आहे आणि फी भरतोस म्हणून नव्हे, बाप आहेस म्हणून.

शेजारची ती मुलगी त्या संध्याकाळनंतर रोज माझ्याकडं येऊ लागली. आधी मराठी. श्रावणापर्यंत काना-मात्रा झाल्या, दिवाळीला जोडाक्षरं. संक्रांतीच्या सुमारास इंग्रजीचे आवाज घेतले. परवा सकाळी आईनं तिला नंदिनीची दुधाची पिशवी द्यायला पाठवलं होतं. ती दारातच थांबून पिशवीवर बोट फिरवत होती. "म्... इ... ल्... मिल्क. दूध!" मग बोट मागच्या शब्दावर गेलं. तो मात्र तिनं तीन वेळा वेगवेगळा म्हणून पाहिला, टो-नेड, टॉनेड, टोन्ड, आणि पिशवी हातात तशीच धरून मला विचारलं, "आज्जी, टोन्ड म्हंजे काय?"